बारा आठवड्यांपुरती बायको

मी सातवी शिकलोय. लिहायची सवय नाही. मुलीनं वही आणून दिली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही बोलता तसंच लिहा. तसंच लिहितोय. ज्याच्या घरी असं पाकीट आलंय आणि ज्यानं ते कुणाला न दाखवता लपवून ठेवलंय, त्याच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

माझं नाव दत्तात्रय जाधव. वय बहात्तर. इंग्लंडात, लीड्समध्ये येऊन चाळीस वर्षांच्या वर झाली. त्यातली एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेली. बायको कमल. ती जाऊन तीन वर्षं झाली. आजारी मी पडलो, हॉस्पिटलात मी होतो, पण सांगायला सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

कमल माहेरी गेली

कमलच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधानं दुखणं कमी करू. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ऑक्टोबर महिना होता. आमच्या घराला ओल आहे, मागच्या भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. ती अंगावर दोन शाली घेऊन बसायची. एक दिवस म्हणाली, "मला शालनकडं जायचंय."

शालन तिची धाकटी बहीण. तासगावच्या बाजूला असते. आईबाप गेल्यापासून तेच कमलचं माहेर.

मी म्हटलं, जा. तिकडं ऊन आहे. बोलायला माणूस आहे. इथं मी सकाळी सहाला लाँड्रीत जाणार आणि ही भिंतीकडं बघत बसणार.

आमची मुलगी सुजाता कार्डिफला असते, कौन्सिलमध्ये नोकरी करते. ती फोनवर ओरडली. "बाबा, आर यू मॅड? इथं सगळं फ्री आहे. तिकडं कोण बघणार आईला?" मी म्हटलं, तिची बहीण बघेल. ती म्हणाली, "तुम्ही तिला पाठवून देताय." तेव्हापासून आम्हा बापलेकीत सरळ बोलणं राहिलं नाही.

मी का गेलो नाही बरोबर? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीच मला विचारतो. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. आठवड्याला चोवीस तास काम. नोकरी सोडली असती तर पगार गेला असता, आणि पगारावर सरकार जे थोडं टॅक्स क्रेडिट द्यायचं तेही गेलं असतं. ते काय असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस काम करतो पण पगार कमी पडतो, तर सरकार वरून थोडे पैसे घालायचं. आम्हाला नवराबायको म्हणून मिळायचे. कमलची तिकडची औषधं, सुया, गाडीभाडं, सगळं त्यातनं जायचं. माझ्या पोटात त्यातली पेनीही गेली नाही.

दोन महिन्यांसाठी गेली ती अकरा महिने राहिली. मी रोज दुपारी कामावरनं आलो की फोन करायचो. तिकडं संध्याकाळ असायची. जेवलीस का, जेवले. दुखतंय का, आज बरं आहे. शेवटच्या दिवशी फोन शालननं उचलला.

मी पोचलो तोवर अग्नी देऊन झाला होता. शालनच्या मुलानं दिला. मी राख सावडायला होतो. एवढंच.

काही बदललं नसेल तर

टॅक्स क्रेडिटवाल्यांचा दरवर्षी एक कागद यायचा. त्यात लिहिलेलं असायचं, तुमच्या घरात काही बदललं असेल तर कळवा, नसेल तर काही करायची गरज नाही. त्या वर्षीही आला. मी काही केलं नाही. काय बदललं होतं? बायको माहेरी होती. आपल्यात बाई बाळंतपणाला जाते, आजारी पडली तर जाते, भांडून जाते. चार महिने राहते, सहा महिने राहते. त्यामुळं ती बायको राहत नाही असं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं.

ती वारली तेव्हा मात्र लगेच कळवलं. त्यांनी दोघांचं बंद करून मला एकट्याचं सुरू केलं. पुढं गुडघे गेले, लाँड्री सुटली. पेन्शनवर भागेना म्हणून सरकारकडं वरच्या मदतीसाठी फोन केला. फोनवरची बाई गोड बोलायची. बायको कधी वारली, कुठं वारली, विचारत गेली. मला आठ-आठ दिवस कुणी बोलायला नसायचं. मी सगळं सांगितलं. अकरा महिने बहिणीकडं होती, बहिणीनं केलं, मी इथं होतो. बाई म्हणाली, आय अ‍ॅम सो सॉरी. मला बरं वाटलं.

माझी चुगली कुणी केली नाही. मीच केली.

पाकीट

दोन महिन्यांनी पाकीट आलं. मला इंग्रजी नोटीस बोर्डापुरतं वाचता येतं. पण आकडा वाचायला शाळा लागत नाही. तीन हजार चारशेच्या वर पौंड, परत करा.

मग का परत करा ते वाचायला बसलो. भिंग घेतलं, सुजाताची शाळेतली डिक्शनरी घेतली. सकाळी बसलो तो दुपार झाली. जोडीदार देशाबाहेर आजारी असेल तर बारा आठवडे चालतं. त्याच्यापुढं तुम्ही जोडपं धरले जात नाही. तेराव्या आठवड्यापासून तुम्ही सिंगल होता, आणि ते तुम्ही आम्हाला कळवलं नाही.

सिंगल हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला नाही.

एक्केचाळीस वर्षांचं लग्न, आणि ती तिकडं कुशीवर पडून कण्हत होती तेव्हा मी सिंगल होतो. पहिले बारा आठवडे बायको, पुढं कोण? मी कागद उलटा करून ठेवला. मला पैशाची भीती वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगतो, मला वाटलं, यांना कसं कळलं? कारण हेच मी ती गेल्यापासून मनात म्हणत होतो. तिला गरज होती तेव्हा तू तिचा नवरा नव्हतास. तू इथं चादरी धूत होतास. आता ते सरकारनं छापून पाठवलं होतं.

म्हणून मी ते कुणाला दाखवलं नाही. कमलच्या शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलं. पुढची दोन पाकिटं आली तीही न फोडता त्यातच.

एकशेवीस

तिसऱ्या पाकिटानंतर मी पत्रावरचा नंबर फिरवला. पाऊण तास फोन धरून त्यातलं गाणं ऐकलं. मग एक पोरगा आला. म्हणाला, महिन्याला किती देऊ शकाल?

इथं मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. माझ्या हातात काय शिल्लक राहतं हे मला माहीत होतं. दहा म्हणायला पाहिजे होतं, नाहीतर काहीच जमणार नाही म्हणायचं. पण मी आयुष्यात कुणाचे बुडवलेले नाहीत, आणि समोरच्या पोरानं मला भिकारी समजू नये असं वाटलं. तोंडातून गेलं, एकशेवीस.

तो म्हणाला, दॅट्स ग्रेट.

नंतर मला कळलं की आधी उत्पन्न-खर्च सांगता येतो, हप्ता कमी करून घेता येतो, हिशोबच चुकलाय असं वाटलं तर तेही म्हणता येतं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी एकशेवीस म्हणालो, मग एकशेवीस द्यायचे.

आधी हीटिंग बंद केलं. मग दूध बंद केलं. मग एक वेळचं जेवण. सकाळी काळा चहा आणि ब्रेडचे दोन तुकडे, संध्याकाळी भात आणि मीठ. मला बारा वर्षं डायबेटिस आहे. गोळ्या फुकट मिळतात, त्या मी रोज वेळेवर घेत होतो. डॉक्टरचं ऐकतो आपण, या समाधानात. जेवण नाही आणि साखर उतरवायची गोळी वर. मी स्वतःला काय करतोय ते मला समजत नव्हतं. समजलं असतं तरी थांबलो असतो असं सांगत नाही. त्या दिवसांत कधीकधी जिन्यावर बसायचो आणि वर चढायचं कशाला असं वाटायचं. वर गेलं की पलंग, खाली आलं की किचन, दोन्हीकडं कुणी नाही.

खोकला लागला होता. तसाच केमिस्टकडं गोळ्या आणायला गेलो. रांगेत उभा होतो, पुढं एक बाई होती, तिचा कोट हिरवा होता. त्यापुढचं मला आठवत नाही.

चादरी

डोळे उघडले तर पहिलं चादरीकडं लक्ष गेलं. कडेची शिवण, कोपऱ्यावरचा शिक्का, ओळखीची. एकोणीस वर्षं मी त्याच चादरी मशीनमध्ये घातल्या, गरम रोलरखालनं काढल्या, घड्या केल्या. झोपलो कधी नव्हतो. वाटलं होतं त्यापेक्षा खरखरीत आहेत. लोक बिचारे यावर आजारी पडतात.

लाल पिशवीतली धुणी आमच्याकडं वेगळी यायची. ज्यांना काही लागण झालेली असेल त्यांची. ती पिशवी उघडायची नसते, तशीच मशीनमध्ये टाकायची, आत ती विरघळते. माझ्या शेजारच्या कॉटवरची चादर नर्सनं लाल पिशवीत भरली तेव्हा मी तोंड फिरवलं. मला माहीत होतं ती कुठं जाणार आणि कुणाच्या हातात जाणार.

दुसऱ्या बाजूला रॉय म्हणून म्हातारा होता, ब्रॅडफर्डकडचा, एक पाय गेलेला. मी लाँड्रीत होतो ऐकल्यावर म्हणाला, "मग माझा पट्ट्याचा पायजमा तूच हरवलास. गेल्या वेळी दाखल झालो तेव्हा."

म्हटलं, "बटणं होती का नाडी?"

"बटणं."

"मग तो मी घरी नेला."

तो इतका हसला की नर्स धावत आली. मला हसू आलं नाही, पण किती महिन्यांनी मी कुणाला काहीतरी उलट बोललो होतो.

सकाळी सहाला रक्त, सातला चहा, आठला गोळ्या. डॉक्टर कधी येतील ते कुणालाच माहीत नाही, आले की चार मिनिटं. तीन दिवस मी हो-हो करत राहिलो. मग डॉक्टरीणबाईंनी फोनवर दुभाषा मागवला.

निदानाचा दिवस

टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून मराठी आलं. "नमस्कार काका, मी तुमच्यासाठी भाषांतर करणार आहे. ऐकू येतंय ना व्यवस्थित?"

कमल गेल्यापासून सुजाताचा रविवारचा फोन सोडला तर इथं माझ्याशी कुणी मराठी बोललं नव्हतं. मला रडू आलं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. घड्याळाकडं बघितलं नाही, हे मी विसरणार नाही.

त्यांनी सांगितलं, फुफ्फुसात न्यूमोनिया आहे, तो बरा होतोय. साखर इतकी खाली गेली होती की अजून थोडा उशीर झाला असता तर उठला नसता. वजन सहा महिन्यांत अकरा किलो कमी झालंय. तुम्ही जेवत का नव्हता?

मी चादरीची शिवण चाचपत राहिलो.

मग फोनमधली मुलगी थोडी अडखळली. म्हणाली, "काका, डॉक्टर विचारतायत, झोपलं आणि परत उठलोच नाही तर बरं होईल, असं वाटतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. माझा एक शब्द होता, तिलाही एकच लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा पण आजार आहे आणि याला पण औषध आहे. डिप्रेशन. मी हा शब्द टीव्हीवर ऐकला होता. तो शिकलेल्या लोकांना होतो असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवसापासून एक मानसिक आजारांची नर्स येऊन बसू लागली. तिचं निम्मं मला कळायचं नाही. पण ती रोज यायची.

वाचणाऱ्याला एकच सांगतो. विचारलं तर खरं सांगा. हो म्हणायला मला काही लागलं नाही, एवढा थकलो होतो.

खण उघडला

हॉस्पिटलनं सुजाताला फोन केला होता. ती कार्डिफहून आली. आल्या आल्या माझा दंड धरून बघितला. "किती बारीक झालात तुम्ही," एवढंच म्हणाली. कपडे आणायला घरी गेली. परत आली ती हातात तिन्ही पाकिटं घेऊन.

"हे काय आहे, बाबा?"

"कुठं मिळालं?"

"आईच्या मशीनमध्ये. तुमच्यासाठी सुई-दोरा बघत होते, शर्टाचं बटण नाही. हे काय आहे? हाऊ लाँग?"

"सात महिने."

"सात महिने तुम्ही उपाशी राहिलात आणि मला रविवारी फोनवर सांगायचात, भाजी-भाकरी खाल्ली?"

"ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत! मी आत्ता भरते पैसे. आत्ता, फोनवरून."

"तुझा पैसा लागला त्याला तर मी परत जेवणार नाही."

रॉयनं तोंडावर पेपर धरला होता, पण उलटा.

मग ती रडायला लागली आणि रडता रडता मनातलं बोलली. "तुम्ही आईचं पण असंच केलंत. कुणाला काही सांगायचं नाही. ठरवून टाकायचं. पाठवून द्यायचं." मी पाकिटांकडं बघितलं. कागदावर तरी वेगळं काय होतं?

मॉरीन

घरी सोडल्यावर सुजातानं दोन आठवडे रजा काढली आणि मला लायब्ररीत नेलं. तिथं मंगळवारी मॉरीन नावाची बाई बसते. साठीची असेल, चष्मा दोरीला, पैसे न घेता लोकांचे कागद वाचते. तिनं तिन्ही पत्रं वाचली. मग दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, एकशेवीसचा हप्ता आज बंद. तिनं तिथूनच फोन लावला, माझा खर्च वाचून दाखवला, हॉस्पिटलच्या कागदावरचं सांगितलं, पुढचं ठरेपर्यंत वसुली थांबवली. सात महिने मी जे करू शकलो नाही ते बाईनं पन्नास मिनिटांत केलं. त्यातली चाळीस ती गाणं ऐकत होती.

दुसरी गोष्ट अशी. तेराव्या आठवड्यापासून मी एकट्याचा अर्ज केला असता तर एकट्याचे पैसे मला मिळालेच असते. मग ते वजा करायला सांगता येतं. निम्म्याच्या आसपास कर्ज उतरेल. त्यासाठी एक पत्र द्यायचं.

"काय लिहायचं पत्रात?" मी विचारलं.

तिनं लिहून वाचून दाखवलं. सुजातानं मराठीत सांगितलं. त्या तारखेपासून मी एकटा राहणारा माणूस होतो आणि तसा अर्ज करायला मी पात्र होतो, हे मला मान्य आहे.

मी म्हटलं, "मान्य नाही."

"बाबा, इट्स जस्ट अ फॉर्म."

"माझी बायको जिवंत होती त्या तारखेला. मी रोज फोन करत होतो. मी सही केली तर काय होईल? मीच म्हणतोय की मी तिला टाकली होती."

मॉरीन म्हणाली, "मिस्टर जाधव, हा त्यांचा शब्द आहे, तुमचा नाही."

"सही तर माझी ना?"

तिनं चष्मा काढून दोरीवर सोडला. पत्र पाठवायला त्यांनी फोनवर नऊ दिवसांची मुदत दिली होती. मी टोपी घातली आणि बाहेर आलो. निम्मं नाही उतरलं तरी चालेल, पुरे भरीन, मेलो तरी भरीन, असं ठरवून बसस्टॉपवर उभा राहिलो. सुजाता माझ्यापासून चार हात लांब उभी होती. बस आली तेव्हा आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

शालन

दोन दिवस ती नुसती जेवण करायची, ताट समोर ठेवायची, मी संपेपर्यंत उठायची नाही. तिसऱ्या दिवशी तिनं न विचारता शालनला फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"जेवला का दाजी?" शालन.

"जेवलो."

"पोरगी सांगतीय तुम्ही उपाशी मरायला निघालाय. सही करत नाही म्हणं."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला काही कळत नाही. मी अडाणी. पण एक सांगू का? ताईनं शपथ घातली होती म्हणून आजवर बोलले नाही. आता तीच नाही तर शपथ कुणाची पाळू?"

मग तिनं सांगितलं. संक्रांतीच्या सुमाराला तिकडचे डॉक्टर म्हणाले होते, माणसं बोलावून घ्या. कमलनं नको म्हटलं. म्हणाली, इकडं यायचं मीच ठरवलं, आता ते आले तर नोकरी जाईल, या वयात परत कोण घेणार? मी तर जाणारच आहे. मागं त्यांनी खायचं काय?

"पण फोनवर तर चांगली बोलायची," मी म्हटलं.

"चांगली कशी बोलेल? तुमचा फोन यायच्या आधी तासभर दुखण्याची गोळी द्यायची मी. पाठीला दोन उशा लावून बसवायची. पाणी पाजायचं. आवाज निघतोय का ते माझ्याशी बोलून बघायची. मग तुमचा फोन. फोन ठेवला की आडवी."

"रोज?"

"रोज, दाजी. एक दिवस तुमचा फोन उशिरा आला. गोळी उतरली. तरी बसून राहिली."

मला वाटलं होतं हे ऐकून मन हलकं होईल. नाही झालं. मला राग आला. तिचा, शालनचा, माझ्या गाढव कानांचा. आठ महिने माझ्याशी खोटं बोलली. मला निघायचा हक्क होता, तो तिनं न विचारता काढून घेतला. तो राग अजून आहे. बायको मेली म्हणून तिच्यावर रागवायचं नाही असं थोडंच आहे.

सुजाता भिंतीला टेकून उभी होती. तिला पण हे नवीन होतं. ती मोरीपाशी गेली आणि घासलेली भांडी परत घासायला लागली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे तुम्ही नाही पाठवलं. तीच गेली." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मी तुम्हाला किती बोलले." मी म्हटलं, "बोललीस."

दुपारभर मी खुर्चीत बसून होतो. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी मागं उपाशी राहू नये म्हणून ही बाई मरताना एकटी बसली, उशा लावून. आणि मी काय केलं? एकशेवीस पौंडांपायी जेवण सोडलं आणि केमिस्टच्या फरशीवर पडलो. तिचं सगळं पाण्यात घालवलं. मग माझं नाव कागदावर स्वच्छ राहून करायचं काय?

सही

पुढच्या मंगळवारी गेलो. मॉरीनला म्हटलं, सही करतो, पण एक ओळ घाल. आम्ही वेगळे झालो नव्हतो. ती आजारी होती आणि बहिणीकडं होती.

ती म्हणाली, "घालते. पण त्यानं आकड्यात फरक पडणार नाही."

म्हटलं, "माहीत आहे."

तिनं ओळ घातली. मला पूर्ण पत्र दोनदा वाचून दाखवलं. मी सही केली. सुजातानं माझ्या पाठीवर हात ठेवला होता तो मी झटकला नाही.

उत्तर यायला दोन महिने लागले. कर्ज निम्म्याहून थोडं खाली आलं. राहिलेलं महिन्याला वीस पौंडांनी कापतात. फिटेल तेव्हा मी ऐंशीच्या जवळ असेन, असलो तर. माफ करा म्हणूनही मॉरीननं लिहिलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. हीटिंग सकाळी एक तास लावतो. दोन वेळा जेवतो. मनाची गोळी चालू आहे. बरा झालोय का? नाही. सकाळी जिन्यावर अजून बसतो कधीकधी. पण मग उठतो, कारण नऊ वाजता सुजाताचा फोन येतो आणि काय खाल्लं ते तिला कॅमेऱ्यात ताट धरून दाखवावं लागतं. नुसत्या तोंडी सांगण्यावर तिचा आता विश्वास नाही. बरोबरच आहे.

ते उत्तर आलं तेव्हा सुजाता सुट्टीला इथं आली होती. त्यात आमच्या त्या ओळीबद्दल काही नव्हतं. पहिल्याच ओळीत होतं, अमुक तारखेपासून तुम्ही सिंगल होता हे आम्ही मान्य केलं आहे. तिनं वाचलं आणि विचारलं, "कुठं ठेवू हे? जपून ठेवावं लागेल, मॉरीन म्हणाली."

म्हटलं, "तुझ्याकडं ठेव. कार्डिफला. इथं नको."

तिनं का म्हणून विचारलं नाही. घडी घालून पर्समध्ये टाकलं. सरकारदप्तरी मी ते आठ महिने एकटा होतो. सही माझीच आहे, नाकारत नाही. पण या घरात तो कागद राहणार नाही.